सावलीतल्या कळ्या

१

शेवटच्या टेबलामागे विद्यार्थिनी नव्हती. तिथे तिची आई उभी होती.

परीक्षक बाई सकाळपासून सभागृहात फिरत होत्या. एका रांगेत जीवशास्त्राचे प्रकल्प, समोरच्या रांगेत समाजशास्त्राचे. कुणी गोगलगाईंपुढे तऱ्हेतऱ्हेची पानं ठेवून त्या आधी कशाला तोंड लावतात ते पाहिलं होतं. कुणी बसथांब्यावर अनोळखी माणसं एकमेकांपासून किती लांब उभी राहतात ते मोजलं होतं. बाईंनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावरही परगावची महाविद्यालयं त्यांना प्रकल्प तपासायला बोलावत. मुलं बोलत असताना त्या मधे तोंड घालत नसत. सगळं ऐकून झालं की एकच प्रश्न विचारत, आणि तो बहुधा नेमका दुखऱ्या जागी बसे.

दिवसातला सगळ्यात देखणा प्रकल्प त्यांनी नुकताच ऐकला होता. एकटी राहणारी म्हातारी माणसं दिवसभरात कितीजणांशी बोलतात, याचा अभ्यास. मांडणारी मुलगी घडाघडा बोलत होती. मैत्रिणी तिला रेडिओ म्हणत, ते उगाच नव्हे. मुलाखती दिलेल्यांच्या वयांचा आलेख तर एखाद्या टेकडीसारखा, गुळगुळीत चढत आणि उतरत गेला होता. किती सुबक, बाईंच्या मनात आलं. तक्ता नीट दिसावा म्हणून रेडिओने तो डाव्या हाताने त्यांच्याकडे वळवला, तेव्हा तिच्या तळहाताच्या कडेला निळी शाई माखलेली दिसली. मेहनती दिसते, असंही त्यांच्या मनात आलं.

"हा प्रकल्प विद्यापीठाच्या स्पर्धेत जाणार बघा," समन्वयक सर कौतुकाने म्हणाले. सर स्वतः समाजशास्त्राचे. "आमची माणसं बोलतात हो. पलीकडे सगळा मुका कारभार."

"मुका असेल," जीवशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या. "पण आमच्या झाडांना खोटं बोलता येत नाही."

दोघांची ही नेहमीची टोलेबाजी असावी. आज मात्र कुणी हसलं नाही, कारण तोवर सगळे शेवटच्या टेबलाशी आले होते.

"ताई, तुम्ही इथे कशाला उभ्या राहिलात?" सर हळू आवाजात म्हणाले. "चला, माझ्या खोलीत बसू."

"बसायला नाही आले मी." आई बारीक चणीची होती, कपडे शिवणारी. बोटांच्या टोकांना सुया टोचल्याच्या खुणा होत्या. "तुमच्या यादीत माझ्या पोरीचं नाव आहे. कुणी खोडलेलं नाही. मग तिचा प्रकल्प तपासा. ती नाही, तर मी सांगते."

सरांनी परीक्षक बाईंना बाजूला घेतलं. गेल्या आठवड्यात ही मुलगी इमारतीच्या गच्चीवरून पडून मरण पावली होती. प्रयोग फसला, ते मनाला लावून घेतलं आणि उडी टाकली, असं सगळ्यांचं मत होतं. पोलिसांचंही.

बाई परत टेबलाशी आल्या. "सांगा," त्या आईला म्हणाल्या.

आईने तक्त्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली. शेवंतीला फूल यायला लांब रात्र लागते. पाणी कमी मिळालं तर त्या लांब रात्रीतही ती उशिरा फुलते का, हे पाहायचं होतं. अर्ध्या कुंड्यांना पुरेसं पाणी, अर्ध्यांना कमी. पोरीने फोनवरून आईपुढे भाषणाचा सराव केला होता, आणि आईने शिवता शिवता तो पाठ केला होता.

"पहिल्या खेपेला एकही फूल आलं नाही," ती म्हणाली. "दुसऱ्या खेपेचं तिने..." इथे तिने वाक्य सोडून दिलं. "मला मार्क नकोत, बाई. तुम्ही शिकलेल्या आहात, झाडांतलं तुम्हाला कळतं. मला एवढंच सांगा. माझ्या पोरीने जीव दिला का?"

"हे परीक्षकांचं काम नाही, ताई," सर म्हणाले.

"झाडं कुठे आहेत?" परीक्षक बाईंनी विचारलं.

मॅडम आणि सर एकमेकांकडे बघू लागले.

"वर आहेत," मॅडम म्हणाल्या. "आज टाकून द्यायला सांगितली आहेत."

२

खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर होती, गच्चीच्या दाराला लागून. दारावर ठळक अक्षरांत पाटी होती: अंधार चालू आहे. दार उघडू नका. तुमची एक चूक, माझे दोन महिने.

"तिचंच अक्षर," मॅडम म्हणाल्या. "दुपारी जेवणाच्या सुमाराला आतले दिवे आपोआप बंद होतात. तेव्हा यांची रात्र सुरू होते, ती थेट पहाटेपर्यंत. सकाळी उजेडात पाणी घालायचं आणि मग तास करायला मोकळं, असा तिचा हिशोब. अंधारात जावंच लागलं तर हिरव्या बारीक दिव्यावर. हिरवा उजेड शेवंतीला फारसा जाणवत नाही."

"आणि पांढरा?"

"पांढरा मध्येच थोडा वेळ लागला तरी संपलं. शेवंतीला रात्र सलग लागते. मधे उजेड झाला की तिच्या लेखी रात्र झालीच नाही."

सकाळ अजून सरली नव्हती, म्हणून आत दिवे चालू होते. खिडकी नाही. तीन भिंतींना कमरेइतक्या उंचीच्या फळ्या, त्यांवर कुंड्या. दारासमोरच्या चौथ्या भिंतीला चिकटून एक टेबल आणि खुर्ची. टेबलाच्या डाव्या अंगाला, भिंतीत, प्लगची जागा.

कुंड्या हिरव्यागार होत्या आणि कोऱ्या होत्या. एक कळी नाही. बाई फळीच्या कडेकडेने चालत गेल्या. उजवी भिंत कोरी. दाराची भिंत, उजवीकडून निम्म्यापर्यंत, कोरी. मग त्या थबकल्या.

दारातून आत शिरताना डाव्या हाताला जो कोपरा लागतो, तिथल्या कुंड्यांवर कळ्या होत्या. वाटाण्याएवढ्या, घट्ट, नीट धरलेल्या. कोपऱ्यात दाट, दोन्ही अंगांना विरळ होत गेलेल्या. कडेच्या एका कुंडीत तर एका फांदीवर कळ्या आणि शेजारची फांदी रिकामी.

बाईंनी वाकून पट्ट्या वाचल्या. कळ्यांच्या कुंड्यांत पुरेशा पाण्याच्याही होत्या आणि कमी पाण्याच्याही. म्हणजे हा पाण्याचा खेळ नव्हता.

"हा कोपरा वेगळा का?"

"ते आम्हालाही कोडंच आहे," मॅडम म्हणाल्या. "पण जागेचा संबंध लागत नाही. दर आठवड्याला सगळ्या कुंड्यांच्या जागा बदलायच्या, हा माझ्याकडचा पहिला नियम. म्हणजे एखाद्या कोपऱ्यात गारवा असला, वारा असला, तरी तो सगळ्यांच्या वाट्याला सारखा येतो. आज कोपऱ्यात दिसणारी कुंडी गेल्या आठवड्यात टेबलापाशी असणार."

मग हा घोळका एकाच कोपऱ्यात कसा जमला? बाईंना उत्तर सुचेना. दार लावून घेताना त्यांनी एकदा वळून पाहिलं. अक्षरशः मुक्या जिवांची सभा भरली होती, आणि एका कोपऱ्यातले जीव काहीतरी ओरडून सांगत होते.

"ही खोली आज रिकामी होणार नाही," त्या म्हणाल्या. "माझे गुण अजून भरायचे आहेत."

३

बाईंनी जेवणाची सुट्टी जाहीर करवली आणि सभागृहामागच्या छोट्या खोलीत एकेकाला बोलावलं.

मॅडम खुर्चीच्या टोकावर बसल्या. "मला कशाला विचारता? मीच तिला मारलं," त्या एकदम म्हणाल्या.

बाईंनी दार लोटून घेतलं.

"आदल्या दिवशी झापलं तिला. म्हटलं, तू दिवा चालू ठेवून झोपतेस, खोटं बोलू नकोस, अशी दुसरी खेप वाया घालवणारी मुलगी मी पाहिली नाही. ती शपथा घेत होती. मी ऐकून घेतलं नाही. शेवटी म्हणाली, 'मॅडम, मला थोडे दिवस द्या.' मी म्हटलं, दिले असते तर झाडांनी दिले असते." त्यांनी डोळे पुसले. "म्हणून ती झाडं टाकायला सांगितली. मला बघवत नाहीत."

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे एक. तिच्याकडे एक. सरांच्या जुडग्यात तर अख्ख्या इमारतीच्या आहेत."

सर आले ते घड्याळ बघत. "बाई, राग मानू नका, पण हे उकरून काय साधणार? त्या माऊलीला उगाच आशा लावताय."

"त्या संध्याकाळी तुम्ही इमारतीत होतात?"

"होतो की. माझ्या खोलीत, निकालाचे कागद लावत. माझ्याकडे किल्ली आहे म्हणून विचारताय ना? त्या खोलीत जाऊन मी काय करणार, अंधारात शेवंतीशी गप्पा?" ते कोरडं हसले.

"तुमच्या मुलांच्या मुलाखती तुम्ही तपासता का?"

सरांचं हसू विरलं. "तपासतो म्हणजे... सही करतो. इतकी मुलं, इतके फॉर्म. विश्वास ठेवावा लागतो." बाईंनी पुढे केलेल्या हजेरीच्या कागदावर त्यांनी उजव्या हाताने झरकन सही केली आणि पेन खिशाला लावलं. "जाऊ मी?"

शेवटी रेडिओ आली. जिची वाचा सकाळी थांबत नव्हती, तिला आता पाणी पाजावं लागलं. मेलेली मुलगी तिची वसतिगृहाच्या खोलीतली सोबतीण होती.

"आम्ही तिला घुबड म्हणायचो," ती म्हणाली. "अंधाराची काळजी करणारी दुसरी कोण असणार? रागवायची नाही. उलट दाराशी येऊन घुत्कार करायची." तिला हसू आलं, आणि पाठोपाठ रडू.

"तिची किल्ली कुठे असायची?"

"आमच्या खोलीत, खिळ्याला. पण दुपारनंतर ती स्वतःसुद्धा तिकडे फिरकायची नाही. म्हणायची, मालकिणीनेच झोपमोड केली तर कसं?"

"त्या संध्याकाळी तू कुठे होतीस?"

"मुलाखतीला. रोजच जायचे संध्याकाळी. त्या दिवशी एका आजींकडे होते. परत आले तर खाली गर्दी."

बाईंनी नेहमीसारखा शेवटी एकच प्रश्न विचारला. "तुझ्या या आजी-आजोबांना वय कसं विचारायचीस ग?"

रेडिओला प्रश्न सोपा वाटला असावा. तिचे खांदे सैल झाले. "सरळच. तुमचं वय किती, म्हणून."

"आणि ते सांगायचे?"

"लगेच. सदुसष्ट, त्र्याहत्तर, एक्याऐंशी. त्यात लपवायचं काय त्यांना?"

"खरंच," बाई म्हणाल्या. "त्यात लपवायचं काय."

ती गेली आणि बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांचे स्वतःचे थोरले भाऊ गेली कित्येक वर्षं आपलं वय "असेल पंच्याहत्तर" असंच सांगत आले होते.

४

आई अजून शेवटच्या टेबलाशीच होती. तिच्यासमोरचा जेवणाचा डबा कुणीतरी आणून ठेवला होता तसाच बंद होता.

"सकाळी तुम्ही दुसऱ्या खेपेचं काहीतरी सांगणार होतात," बाई तिच्याशेजारी बसत म्हणाल्या. "अर्धंच राहिलं."

"हां." आईने पदराने चेहरा पुसला. "पहिल्या खेपेला फुलं आली नाहीत तेव्हा खूप रडली. मग दुसऱ्या खेपेला म्हणाली, आई, मी या वेळी मॅडमचा नियम मोडणार आहे. मी म्हटलं, बये, मार खाशील. तर म्हणाली, या वेळी कुंड्या हलवणार नाही. जिथे ठेवल्या तिथेच राहू देणार. मग मला कळेल."

"काय कळेल?"

"ते मला मेलीला कुठे उमगतंय? पण शेवटचा फोन आला तेव्हा खुशीत होती हो. हेच मी त्या पोलिसांना सांगून थकले. म्हणाली, आई, चूक माझी नाही आणि झाडांचीही नाही. आधी खात्री करते आणि मग तुला सांगते. ज्या पोरीला जीव द्यायचाय ती असं बोलते का? तुम्हीच सांगा."

बाई उठल्या. कोपऱ्यात दाट, कडांना विरळ. एक फांदी कळ्यांची, एक कोरी. कुंड्या हलल्याच नव्हत्या. तो कोपराच वेगळा होता, आणि त्या मुलीने तो वेगळेपणा उमटू दिला होता. तिने मॅडमचा नियम उगाच मोडला नव्हता. तिने झाडांना पहाऱ्यावर बसवलं होतं.

"तुम्ही डबा खाऊन घ्या," त्या आईला म्हणाल्या. "मग वर या. तुमच्या मुलीचा प्रकल्प मला आता कळला आहे. तो तिच्याच खोलीत तपासायचा आहे."

"आणि मी विचारलं त्याचं काय?"

"तेही तिथेच."

५

दिवे आपोआप बंद झाले होते. शेवंतीची रात्र सुरू झाली होती. बाईंनी हिरव्या दिव्यावर सगळ्यांना आत घेतलं. आई, मॅडम, सर आणि रेडिओ. दार लागलं.

"हिला कशाला आणलंत?" सरांनी विचारलं. "पोर आधीच खचलीये."

"तिच्या गुणपत्रकावर सही हवी आहे. मुली, तिथे टेबल आहे, बस."

रेडिओ चाचपडत जाऊन खुर्चीवर बसली. बाकीच्यांना बाईंनी तिच्या पाठीमागे, डाव्या अंगाला उभं केलं. बाईंनी सोबत आणलेला छोटा पांढरा दिवा टेबलाच्या डाव्या अंगाला ठेवून प्लगला जोडला.

"बाई, झाडं!" मॅडम ओरडल्या.

"माहीत आहे. एका दिवसाने बिघडणार नाही. बिघडायचं ते केव्हाच बिघडलंय." दिवा लागला. "मुली, तुझ्याच अक्षरात लिही. माझ्या सर्व मुलाखती मी स्वतः प्रत्यक्ष घेतल्या. आणि खाली सही कर."

रेडिओने पेन हातात घेतलं. एक शब्द लिहिला. मग मान वर न करता, माणूस अंगावरची माशी हाकलतो तितक्या सहज, तिने दिवा उचलला, वायर समोरून ओढली आणि तो टेबलाच्या उजव्या अंगाला ठेवला. आणि पुढे लिहू लागली. डाव्या हाताने.

"आता सगळ्यांनी मागे बघा," बाई म्हणाल्या.

खोलीभर उजेड पसरला होता. उजवी भिंत लख्ख, दाराची भिंत निम्म्यापर्यंत लख्ख. फक्त मागच्या डाव्या कोपऱ्यात एक मोठी, रुंद खांद्यांची सावली पडली होती. त्या सावलीत, तिच्या कडेकडेपर्यंत, कळ्या होत्या. सावलीबाहेर एकही नव्हती.

आईने हात पुढे करून सावलीच्या कडेची ती अर्धी कुंडी चाचपली.

"या खोलीत रोज संध्याकाळी कुणीतरी पांढरा दिवा लावून बसत होतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गात शिकवावं तसा सपाट होता. "मॅडम नव्हेत. त्यांनी इथे पांढरा दिवा लावला असता तर त्यांचंच जन्माचं शिक्षण वाया गेलं असतं. ज्याला झाडांतलं काही कळत नाही, एवढ्याशा दिव्याने काय होतंय असं ज्याला वाटतं, असं माणूस. मग सर असतील का? सर उजव्या हाताने लिहितात. उजव्या हाताने लिहिणारा दिवा डावीकडे ठेवतो, नाहीतर हाताची सावली कागदावर पडते. प्लगही डावीकडेच आहे, त्याला सोयीचंच झालं असतं. पण मग सावली उजव्या कोपऱ्यात पडली असती. वायर ओलांडून दिवा उजवीकडे नेण्याची खटपट करतो तो डावखुरा. आणि डावखुऱ्याचा तळहात ओल्या शाईवरून फिरतो."

रेडिओने डावा हात टेबलाखाली घेतला.

"पण मी कशाला इथे..." तिचा आवाज चिरका झाला. "मी रोज मुलाखतींना जात होते! विचारा ना सरांना, त्यांनी सह्या केल्यात!"

"माणसं वय सांगताना साठ म्हणतात, सत्तर म्हणतात, फार तर पासष्ट आणि पंच्याहत्तर. म्हाताऱ्यांना तर आकडा गोल करायची भारी सवय. खऱ्या मुलाखतींच्या आलेखात दर पाच वर्षांनी सुळके उठतात. सकाळी तुझी टेकडी मला फार सुबक वाटली होती. इतकी सुबक म्हातारी माणसं कुठल्याच गावात राहत नाहीत, मुली. तू ती या टेबलावर बसून जन्माला घातलीस."

सर भिंतीला टेकले. "अगं, एक तरी खरी होती का?" त्यांनी विचारलं. त्या सह्यांची लाज त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"एक," रेडिओ म्हणाली.

६

"पहिल्याच घरात एक आजोबा होते," ती टेबलाकडे बघत बोलू लागली. सकाळचा घडाघडा आवाज कुठेच नव्हता. "मी पहिला प्रश्न विचारला आणि ते रडायला लागले. माझा हात धरला तो सोडेचनात. मला त्यांच्या मुलीच्या नावाने हाका मारत राहिले. मी हात सोडवून पळाले. त्यानंतर कुणाचं दार वाजवायला हात उचलेचना. स्टेजवर बोलायला मी घाबरत नाही, पण दार... हॉस्टेलमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलेलं, मुलाखतींना जाते म्हणून. संध्याकाळी बसणार कुठे? वाचनालयात सगळे ओळखीचे. ही एकच खोली होती जिथे कुणी येत नाही. मला खरंच माहीत नव्हतं की झाडं... ती रडायची रात्रभर आणि मी पलीकडच्या खाटेवर ऐकायचे. पण मला वाटायचं, काहीतरी वेगळंच चुकत असेल."

"आणि त्या संध्याकाळी?" बाईंनी विचारलं.

"दार उघडलं. ती उभी होती. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली नाही. कुंड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'दिवा घालव आधी. बाहेर चल, इथे नको बोलायला, यांची रात्र आहे.'"

आईच्या तोंडून बारीक आवाज निघाला.

"गच्चीवर गेलो. म्हटलं, आता तू सांगणार सगळ्यांना. तर म्हणाली, 'मी नाही सांगणार. तू सांग. अजून वेळ आहे, मी येते तुझ्याबरोबर. दार मी वाजवीन, तू फक्त विचार.' खांद्यावर हात ठेवला माझ्या. मला तेच सहन झालं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी हात झटकला. जोरात. कठडा बुटका आहे तिथे..."

"झटकलास," आई पहिल्यांदाच तिच्याशी बोलली, "की ढकललंस?"

दिव्याची वायर रेडिओच्या मनगटाला लागून हलत होती.

"ढकललं," रेडिओ म्हणाली. "मग मागच्या जिन्याने खाली गेले. आणि रात्री आजींचा फॉर्म भरला. त्या संध्याकाळच्या. वय एकोणसत्तर लिहिलं."

सरांनी तिला दंडाला धरून उठवलं. ती मुकाट्याने चालू लागली. दाराशी आई उभी होती. तिने अंग चोरून वाट दिली, जसं माणूस अंगाला काही लागू नये म्हणून देतं. मॅडम त्यांच्या मागोमाग फोन करायला गेल्या. जाताना त्यांनी आईपुढे हात जोडले.

खोलीत दोघीच उरल्या. सावली नाहीशी झाली होती. आता उजेड त्या कोपऱ्यातल्या कळ्यांवरही पडत होता.

"तिने जीव दिला नाही," परीक्षक बाई म्हणाल्या. "ती खात्री करायला आली होती. आणि तिचा अंदाज बरोबर निघाला."

आईने मान हलवली. एवढा आठवडा जे ऐकायला ती दारोदार फिरली होती, ते ऐकूनही तिच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. ती फक्त फळीला धरून उभी राहिली.

"एवढी हुशार," ती म्हणाली. "आणि एवढं कळू नये, की कठड्याजवळ उभं राहू नये."

बाईंनी तिच्या फळीवरच्या हातावर हात ठेवला. त्यांनी आयुष्यात पुष्कळ प्रश्न विचारले होते. असा कुणी त्यांना विचारला नव्हता.

"आता ही सगळी फुलतील का?" आईने कोऱ्या कुंड्यांकडे बोट दाखवलं.

"फुलतील. कुणी झोपमोड केली नाही तर. काही आठवडे लागतील."

"यांची रात्र चालू आहे ना आत्ता?"

"हो."

आईने पुढे होऊन टेबलावरचा दिवा घालवला. अंधारात दोघी चाचपडत बाहेर आल्या. बाईंनी कुलूप लावलं आणि किल्ली आईच्या हातावर ठेवली. खाली सभागृहात खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. कुणीतरी मोठ्याने रडत होतं. ते रडणं मॅडमचं की त्या मुलीचं, ते कळत नव्हतं.

बाई जिना उतरू लागल्या. वळणावर त्यांनी मागे पाहिलं. लेकीच्या अक्षरातल्या पाटीखाली, दाराला पाठ लावून, आई जमिनीवर बसली होती. कुणी दार उघडू नये म्हणून.